बहिष्कृत फलंदाज : ‘अनवाणी’ जो जॅक्सन

मृत्यूनें मनुष्याची शिक्षा संपते किंवा नाहीं, या प्रश्नाचा काथ्याकूट धर्मशास्त्रानें पुष्कळ केला आहे. परंतु १३ मे २०२५ रोजीं अमेरिकेंतील बेसबॉल खेळाच्या आयुक्तांनीं त्याचा रोकडा निकाल लावून टाकला. ज्यांस या खेळांतून कायमचें बहिष्कृत केलें होतें, त्यांपैकीं जे मरण पावले त्यांचा बहिष्कार मृत्यूबरोबरच संपला असें समजावें, असें त्यांनीं ठरविलें. या निर्णयानें सतरा मृत व्यक्तींचीं नांवें त्या काळ्या यादींतून निघालीं. त्यांत जोसेफ जॅक्सन हें एक नांव होतें. त्याच्यावरील बंदी १९२१ सालची; तो वारला १९५१ सालीं; आणि बंदी उठली ती त्यानंतर ७३ वर्षांनीं.

ज्यानें शिक्षा भोगली त्यास ती उठल्याचा कांहीं उपयोग नाहीं, हें उघडच आहे. मग तिकडील अनेक लोकांस या बातमीनें समाधान कां वाटावें? आमच्या मतें याचें कारण असें कीं, जॅक्सन हा आतां केवळ एक खेळाडू राहिला नसून गरिबावर झालेल्या अन्यायाचें प्रतीक होऊन बसला आहे. चोर सोडून संन्याशाला सुळीं दिलें, अशी त्याच्या चाहत्यांची भावना आहे. ही भावना कितपत खरी आहे, आणि जॅक्सन खरोखरच संन्यासी होता काय, याचा थोडासा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॅक्सनचा जन्म १८८७ सालीं संयुक्त संस्थानांपैकीं दक्षिण कॅरोलायनांतील पिकन्स परगण्यांत झाला. पुढें त्याचें कुटुंब ग्रीनव्हिल शहरानजीकच्या ब्रँडन गिरणीच्या वस्तींत राहावयास आलें. ज्या वयांत मुलाच्या हातीं पाटी द्यावयाची, त्या वयांत जॅक्सनच्या हातीं गिरणीचा झाडू आला. कापसाच्या धुळींत दिवस काढणाऱ्या या मुलास शाळा अशी मिळालीच नाहीं, आणि लिहितां-वाचतां न येण्याचें तें व्यंग त्यास जन्मभर पुरलें. मात्र त्या काळीं दक्षिणेकडील गिरण्यांचे आपापले बेसबॉलचे संघ असत, आणि कामगारांच्या शनिवारच्या करमणुकीचें तेंच मुख्य साधन असे. जॅक्सन तेरा वर्षांच्या सुमारासच थोरल्या माणसांच्या संघांतून खेळूं लागला. एके दिवशीं नव्या बुटांनीं पायांस फोड आले म्हणून त्यानें बूट काढून ठेवले आणि नुसत्या पायमोज्यांवर खेळ केला. तेव्हांपासून ‘शूलेस जो’, म्हणजे ‘अनवाणी जो’, हें नांव त्यास चिकटलें, तें कायमचेंच.

आमच्या बहुतेक वाचकांस क्रिकेट परिचित, बेसबॉल अपरिचित. म्हणून त्या खेळाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. बेसबॉलमध्यें गोलंदाज टप्पा न पाडतां विलक्षण वेगानें चेंडू टाकतो, आणि तो फलंदाजास गोल लाकडी दांड्यानें तडकवावा लागतो. ही गोष्ट इतकी अवघड आहे कीं, दहांपैकीं तीन खेपांस ज्याचा फटका सफल होतो तो फलंदाज पहिल्या प्रतीचा समजतात. उरलेल्या सात खेपांचें अपयश त्यास कोणी विचारीत नाहीं. हें प्रमाण हजारीं सांगण्याची तिकडे चाल आहे. जॅक्सनचें सबंध कारकीर्दीचें प्रमाण हजारीं ३५६ आहे, आणि या खेळाच्या सबंध इतिहासांत त्याच्या वर गेलेलीं नांवें बोटांवर मोजण्याइतकींच आहेत. १९११ सालीं, म्हणजे वरिष्ठ संघांतून पूर्ण हंगाम खेळण्याची त्याची पहिलीच खेप असतां, त्यानें हजारीं ४०८ इतकी मजल मारली. पुढें जगप्रसिद्ध झालेला बेब रूथ हा, आपण फटका मारण्याची ढब जॅक्सनपासून उचलली, असें मोकळेपणानें सांगे.

१९०८ सालीं तो फिलाडेल्फियाच्या संघांत गेला; परंतु त्या मोठ्या शहरांत त्याचा जीव रमला नाहीं. १९१० सालीं तो क्लीव्हलंडकडे आला, आणि १९१५ सालीं शिकागोच्या ‘व्हाइट सॉक्स’ संघाचा मालक चार्ल्स कोमिस्की यानें त्यास विकत घेतलें. ‘विकत घेतलें’ हा प्रयोग आम्हीं अलंकारानें केलेला नाहीं. खेळाडूच्या कराराची मुदत संपली तरी त्याच्यावरील हक्क मालकाकडेच राहावा, असें एक कलम त्या काळच्या प्रत्येक करारांत असे, आणि १९७५ पर्यंत तें अबाधित होतें. मालकानें ठरविलेलें वेतन घ्यावें किंवा खेळ सोडून घरीं बसावें, याहून तिसरा मार्ग खेळाडूस नव्हता. तरीही ज्यास कागद वाचतां येई तो आपलें हित थोडें तरी पाहूं शके. शिकागोच्या त्याच संघांतील एडी कॉलिन्स हा कोलंबिया विद्यापीठाचा पदवीधर; त्यास १९१९ सालीं १५ हजार डॉलर मिळत. जॅक्सनला मिळत ६ हजार. खाणावळींत इतरांनीं काय मागितलें तें ऐकून तोही तेंच मागे, कारण पदार्थांची यादी त्यास वाचतां येत नसे, असें सांगतात.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. १९१९ च्या ऑक्टोबरांत शिकागो व सिनसिनाटी या संघांमध्यें अजिंक्यपदाची मालिका झाली. शिकागोचा संघ वरचढ समजला जात होता. तथापि सिनसिनाटीनें ती मालिका पांच विरुद्ध तीन सामन्यांनीं जिंकली. पुढें वर्षभरानें उघडकीस आलें तें असें कीं, शिकागोच्या कांहीं खेळाडूंनीं जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन मुद्दाम हार पत्करण्याचा कट केला होता. एकंदर आठ खेळाडूंवर ठपका आला आणि त्यांत जॅक्सन होता. २८ सप्टेंबर १९२० रोजीं शिकागोच्या चौकशी-पंचांपुढें त्यानें साक्ष दिली. आपणास २० हजार डॉलर कबूल केले होते, त्यांपैकीं ५ हजार सहकारी गोलंदाज विल्यम्स यानें आणून दिले व ते आपण घेतले, हें त्यानें मान्य केलें. पण मैदानावर आपण जिंकण्याकरितांच खेळलों, असेंही त्याच साक्षींत तो म्हणाला.

त्याच्या चाहत्यांचा सारा भर या दुसऱ्या वाक्यावर आहे, आणि त्यांच्यापाशीं आंकडेही आहेत. त्या मालिकेंत जॅक्सनचे बारा फटके सफल झाले. हजारीं प्रमाण ३७५ पडलें. क्षेत्ररक्षणांत त्याच्या नांवावर एकही चूक लागली नाहीं. मुद्दाम हरणारा मनुष्य असा खेळतो काय, असा त्यांचा सवाल आहे. सवाल बिनतोड वाटतो खरा. परंतु आंकडे हे साक्षीदारासारखे असतात, उलट तपासणी केल्यावांचून त्यांवर विसंबूं नये. जॅक्सनच्या फटक्यांनीं त्या मालिकेंत सहा धावा आल्या, त्या सर्व शेवटच्या तीन सामन्यांत. पहिल्या पांच सामन्यांत, ज्यांपैकीं चार शिकागोनें गमावले, त्याच्या फटक्यानें एकही धाव आली नाहीं. यावरून तो मुद्दाम वाईट खेळला असें सिद्ध होत नाहीं. कारण पुढचे गडी तळांवर पोंचलेच नाहींत तर मागच्याच्या फटक्यास धाव कोठून यावी? परंतु बारा फटक्यांनीं त्याची निर्दोषता सिद्ध होते, असेंही म्हणतां येत नाहीं. आणि कांहींही झालें तरी पैसे घेतल्याची गोष्ट पुसली जात नाहीं. तेव्हां जॅक्सन हा संन्यासी नव्हता, हें आधीं कबूल केलें पाहिजे.

पण मग चोर तेवढे सुळीं गेले काय? येथेंच आमच्या मनास खरी टोंचणी लागते. हा कट ज्याच्या पैशावर झाला असें सामान्यतः मानतात, त्या न्यूयॉर्कच्या अर्नोल्ड रॉथस्टीनवर खटलाच झाला नाहीं. साक्षीपूर्वीं जॅक्सननें ज्या वकिलाचा सल्ला घेतला, तो मालक कोमिस्कीचाच वकील होता. आणि आपल्या बचावाचा हक्क सोडून देणाऱ्या ज्या कागदावर जॅक्सननें सही केली, तो कागद त्यास स्वतः वाचतां येत नव्हता. पुढें १९२१ च्या उन्हाळ्यांत खटला चालला, तेव्हां ती मूळ साक्ष दप्तरांतून नाहींशी झालेली! २ ऑगस्ट रोजीं पंचांनीं सर्व खेळाडूंस निर्दोष ठरविलें. दुसऱ्याच दिवशीं बेसबॉलचे नवे आयुक्त न्यायमूर्ति लँडिस यांनीं जाहीर केलें कीं, पंचांचा निकाल कांहींही असो, या खेळाडूंस पुन्हा खेळतां येणार नाहीं. कट ठाऊक असून तो न सांगणें एवढाच ज्याचा अपराध दिसतो, त्या बक वीव्हरलाही हीच शिक्षा आणि पैसे वांटणाऱ्या गँडिललाही हीच. खेळावरचा लोकांचा विश्वास राखणें हें आयुक्तांचें कर्तव्य होतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तुळशीपत्र व धोंडा एकाच पारड्यांत घालणाऱ्या तराजूस न्यायाचा तराजू म्हणणें आम्हांस जड जातें.

याहून बोलका प्रसंग १९२४ सालचा आहे. आपलें थकलेलें वेतन मिळावें म्हणून जॅक्सननें मिलवॉकी येथें कोमिस्कीवर दावा लावला. त्याचें म्हणणें असें कीं, १९२० सालीं केलेल्या तीन वर्षांच्या करारांत मालकास वाटेल तेव्हां करार मोडण्याची मुभा देणारें कलम नाहीं, असें आपणास तोंडी सांगण्यांत आलें. आपणास वाचतां येत नसल्यामुळें त्या शब्दावर विसंबून आपण सही केली. कलम अर्थात् कागदावर होतेंच. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या आपल्याकडील कुळाची गोष्ट ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस यांत नवल वाटावयाचें नाहीं. पंचांनीं जॅक्सनच्या बाजूनें, सुमारें १६ हजार डॉलरचा कौल दिला. परंतु त्याच खटल्यांत, १९२१ सालीं हरवलेली ती साक्ष मालकाच्या वकिलांच्या दप्तरांतून अकस्मात् बाहेर आली! जॅक्सनचें आतांचें सांगणें तिच्याशीं जुळेना. म्हणून न्यायाधीशांनीं पंचांचा कौल रद्द केला व खोट्या साक्षीबद्दल खुद्द जॅक्सनलाच अटकेंत घेण्याचा हुकूम दिला. येथेंही जॅक्सन खोटें बोलला, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु सरकारी दप्तरांतून गेलेला कागद प्रतिपक्षाच्या दप्तरांत कसा सांपडला, हा प्रश्न न्यायाधीशांच्या रागाच्या बाहेरच राहिला.

मालकाच्या कंजूषपणामुळें बिचारे खेळाडू लांचेस बळी पडले, अशी कारणमीमांसाही वारंवार ऐकूं येते. अलीकडे वेतनाच्या ज्या नोंदी उजेडांत आल्या, त्यांवरून शिकागोचा एकंदर वेतनखर्च त्या वेळच्या संघांत वरच्या श्रेणीचा होता असें दिसतें. म्हणून दोष केवळ एका मालकाच्या मुठीचा नव्हता. खेळाडूला खरेदी-विक्रीची वस्तु करणाऱ्या व्यवस्थेचा होता. आणि त्या व्यवस्थेचे रक्षक मात्र गौरविले गेले. कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत कोमिस्कीची प्रतिमा १९३९ सालीं बसली, लँडिस यांची १९४४ सालीं. खेळाच्या शुद्धतेचे कैवारी म्हणविणाऱ्या या लँडिस यांच्या सबंध कारकीर्दींत वरिष्ठ संघांतून एकाही कृष्णवर्णी खेळाडूस प्रवेश मिळाला नाहीं. तें दार १९४७ सालीं, त्यांच्या निधनानंतर, जॅकी रॉबिन्सननें उघडलें.

बहिष्कारानंतर जॅक्सन कांहीं वर्षें खेड्यापाड्यांतील सामन्यांत, कधीं कधीं दुसऱ्याच नांवानें, खेळत राहिला. सव्हाना येथें त्यानें कपडे धुण्याचा धंदा काढला. पुढें ग्रीनव्हिलास परत येऊन मद्याचें दुकान चालविलें. पत्रव्यवहार व हिशेब त्याची पत्नी केटी पाही. ५ डिसेंबर १९५१ रोजीं हृदयविकारानें तो वारला.

मग दंतकथेनें त्याचा ताबा घेतला. न्यायमंदिराबाहेर एका लहान मुलानें त्यास ‘हें खरें नाहीं ना, जो?’ असें कळवळून विचारल्याची गोष्ट सर्वतोमुखीं आहे. असें कांहीं घडलेंच नाहीं, असें स्वतः जॅक्सन सांगत असे. कादंबऱ्या निघाल्या, बोलपट निघाले. १९८९ च्या एका सुप्रसिद्ध बोलपटांत तर डावखुरा फलंदाज जॅक्सन उजव्या हातानें फलंदाजी करतांना दिसतो! आम्हांस हें मोठें सूचक वाटतें. ज्या हातानें तो प्रत्यक्षांत खेळला तो हात लोकांस नको आहे. त्यांस हवा आहे तो आपल्या मनांतला जॅक्सन.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, सहानुभूति दाखविण्याकरितां मनुष्यास निष्पाप ठरविण्याची गरज नसते. जॅक्सननें पैसे घेतले, हें खरें; आणि त्याच्याहून शहाण्या, साक्षर व धनवान् माणसांनीं त्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन आपलें अंग वांचविलें, हेंही तितकेंच खरें. पहिलें सत्य त्याचे चाहते विसरतात. दुसरें त्याचे न्यायाधीश विसरले. २०२५ च्या निर्णयानें त्याची बंदी उठली खरी. पण त्यानें या दोहोंपैकीं एकाही सत्यांत फरक पडत नाहीं.

जॅक्सनला सही करणें म्हणजे पत्नीनें लिहून दिलेल्या अक्षरांचें चित्र काढण्यासारखें श्रमाचें होतें; म्हणून शक्य तेथें केटीच त्याच्या नांवाची सही करी. त्यामुळें त्याच्या हातची खरी सही अतिशय दुर्मिळ झाली असून, तिच्याकरितां आज संग्राहक लाखों डॉलर मोजतात. ज्या सहीनें त्याच्या हातून करार गेला, वेतन गेलें आणि अखेर खेळही गेला, तिचें मोल असें वाढलेलें पाहावयास तो मात्र नाहीं.