गोव्यासाठी शस्त्र का उचलले?

नागपूरला समुद्र नाही. तरी गोवामुक्तीची गोष्ट नागपूरपासून सांगावी असे मला वाटते. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन याच शहरात भरले आणि शांततामय व न्याय्य मार्गांनी स्वराज्य मिळवायचे, हे ध्येय पक्षाने इथे स्वीकारले. त्यानंतर ४१ वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, त्याच पक्षाच्या सरकारने पोर्तुगालविरुद्ध भूदल, नौदल आणि हवाई दल अशी तिन्ही दले पाठवली. देश स्वतंत्र होऊन तेव्हा अवघी चौदा वर्षे झाली होती. अहिंसेच्या शाळेत शिकलेल्या पुढाऱ्यांना युद्ध का पटले?

निवडणूक जवळ आली होती, हे सर्वांत सोपे उत्तर. फेब्रुवारी १९६२ मध्ये लोकसभेसाठी मतदान व्हायचे होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते, समोर आचार्य कृपलानी होते आणि मुंबईत गोवेकरांची वस्ती मोठी होती. टीकाकारांनी तेव्हाच बोट ठेवले. त्यात तथ्य नसेल असे नाही. पण निवडणुकीने फार तर मुहूर्त काढला. लग्न आधीच ठरत आले होते.

ते ठरवले लिस्बनच्या हट्टाने. इंग्रज १९४७ मध्ये गेले. फ्रेंचांनी १९५४ मध्ये पाँडिचेरीचा कारभार आपल्या हाती दिला. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी मात्र १९५१ मध्ये घटनाच बदलली आणि गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत आहे, असे लिहून टाकले. आपल्याच देशाच्या तुकड्याबद्दल बोलणी कसली करायची? भारताने लिस्बनमध्ये उघडलेली वकिलात १९५३ मध्ये बंद केली. त्यात पोर्तुगाल नाटो कराराचा सदस्य, त्यामुळे पाठीशी बडी राष्ट्रे उभी राहतील, असा त्याचा भरवसा.

मग सत्याग्रह झाला. १९५५ मध्ये पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. सेनापती बापट, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी यांच्यासारखी माणसे स्वतः पुढे झाली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक जण मेले. नेहरूंनी सैन्य पाठवले नाही. उलट सत्याग्रहच थांबवायला लावला आणि गोव्याची आर्थिक कोंडी केली. महाराष्ट्राला हे फार लागले. १९५७ मध्ये गोरे पुण्यातून आणि नाथ पै राजापुरातून लोकसभेत गेले. गोरे तर त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या कैदेतून सुटून आले होते. शिक्षा झाली होती दहा वर्षांची. कैद भोगून आलेला माणूस सभागृहात ‘आता आणखी किती थांबायचे?’ असे विचारू लागला, की पंतप्रधानांकडे सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

इथे अमेरिकेची आठवण होते. स्वातंत्र्य मान्य होऊन तीस वर्षेही झाली नव्हती, तोच १८१२ मध्ये त्या देशाने आपल्या जुन्या मालकावर, ब्रिटनवर, युद्ध पुकारले. ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजांवरचे खलाशी पकडून नेत होते. पण न्यू इंग्लंडमधल्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना युद्ध नको होते. आतल्या प्रांतांचे तरुण प्रतिनिधी त्यासाठी हट्ट धरून बसले होते. त्यांचा म्होरक्या हेन्री क्ले १७७७ साली जन्मलेला. स्वातंत्र्ययुद्ध त्याने लढले नव्हते. आपल्याकडे मागणी करणारे स्वतः मार खाऊन आले होते, हा फरक मला मोठा वाटतो.

आणि आफ्रिका. या कारणाकडे आपले फार कमी लक्ष जाते. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात पोर्तुगीजांविरुद्ध बंड पेटले. ऑगस्टमध्ये दाहोमी या चिमुकल्या, वर्षभरापूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या भूमीवरचा पोर्तुगीज किल्ला सरळ ताब्यात घेतला. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला आणि भारताच्या सबुरीबद्दल आफ्रिकी नेत्यांची नाराजी नेहरूंच्या कानी पडली. वसाहतवादाविरुद्ध जगाला उपदेश करणाऱ्या देशाच्या अंगणातच वसाहत होती. शांततेने मिळवलेला नैतिक मान आता थांबण्यानेच ओसरू लागला होता.

नोव्हेंबरमध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर आणि मासेमारांच्या होडीवर गोळीबार झाला. एक मच्छीमार मेला. निमित्त मिळाले.

१८ डिसेंबरला सैन्य गोव्यात शिरले आणि १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटपर्यंत लढण्याचा सालाझारचा आदेश त्यांनी पाळला नाही; गोव्याने त्यांचे ऋण मानावे. आपले २२ जवान गेले, पोर्तुगीजांकडचे तीसच्या आसपास. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी आणलेला ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला.

मेनन फेब्रुवारीत मोठ्या मताधिक्याने निवडून आले. शत्रूपाशी विमानविरोधी तोफाही धड नव्हत्या, हे त्या जल्लोषात कोणी बोलले नाही. ऑक्टोबरमध्ये हिमालयात चिनी सैन्य उतरले, आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये मेनन मंत्रिमंडळाबाहेर होते.