‘विकास’ या शब्दाचा अर्थ आणि वापर : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात ‘विकास’ या शब्दाइतका वापरला गेलेला दुसरा शब्द क्वचितच सापडेल. आंदोलनाच्या नावात तो आहे, जनता परिषदेच्या नावात आहे, राज्यघटनेनुसार स्थापन झालेल्या मंडळाच्या नावात आहे आणि पंचायत समितीतील अधिकाऱ्याच्या पदनामातही आहे. शब्द एकच असला तरी या प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ एक नाही. इंग्रजीतील ‘डेव्हलपमेंट’ या नामाचा पर्याय म्हणून तो रूढ झाला, शासकीय भाषेत स्थिरावला आणि पुढे मराठवाड्यातील जनतेने तो आपल्या मागणीचा शब्द केला. अर्थाच्या या प्रवासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शब्दाचा इतिहास हा केवळ भाषेचा इतिहास नसतो. तो शब्द कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अधिकाराने वापरला याचाही तो इतिहास असतो.

शब्दाची व्युत्पत्ती व मूळ अर्थ

‘विकास’ हा तत्सम शब्द आहे. ‘कस्’ या धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून तो सिद्ध होतो. उमलणे, फुलणे, उघडणे हा त्याचा मूळ अर्थ होय. संस्कृत साहित्यात तो प्रामुख्याने फुलाच्या, विशेषतः कमळाच्या संदर्भात येतो. मराठीतील ‘विकसणे’ हे क्रियापद अकर्मक आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. फूल विकसते, त्याला कोणी विकसवीत नाही. पाणी, माती, ऊन यांचे साहाय्य लागते, परंतु उमलण्याची क्रिया फुलाचीच असते.

इंग्रजी नामाची मूळ कल्पनाही याच्याशी जुळणारी आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी गुंडाळलेली वस्तू उलगडणे हा अर्थ आहे. आत जे आधीपासून आहे ते बाहेर येणे, ही कल्पना दोन्ही शब्दांत समान आहे. त्यामुळे ‘डेव्हलपमेंट’साठी ‘विकास’ हा पर्याय अर्थदृष्ट्या योग्यच होता. अर्थशास्त्राच्या मराठी परिभाषेत पुढे ‘वृद्धी’ आणि ‘विकास’ असा भेद करण्यात आला. उत्पादन व उत्पन्न यांत होणारी संख्यात्मक वाढ म्हणजे वृद्धी आणि तिच्याबरोबर समाजाच्या रचनेत व जीवनमानात होणारा गुणात्मक बदल म्हणजे विकास, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मात्र समाजाच्या पुढे जाण्यासाठी ‘सुधारणा’, ‘उन्नती’, ‘उत्कर्ष’, ‘प्रगती’ हे शब्द अधिक प्रचलित होते. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या पत्राचे नाव ‘सुधारक’ होते. सुधारणा या शब्दात दोष दूर करण्याची आणि त्यासाठी स्वतः झटण्याची अपेक्षा अंतर्भूत होती. निजामाच्या राजवटीतील मराठवाड्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. त्या भाषेत याच आशयासाठी ‘तरक्की’ हा शब्द होता. मातृभाषेतून उच्च शिक्षण घेण्याची सोय नसलेल्या मराठी भाषकांना शासनाची तरक्की परक्या भाषेतूनच ऐकावी लागत होती.

शासकीय परिभाषेतील ‘विकास’

दुसऱ्या महायुद्धानंतर या शब्दाला जागतिक पातळीवर नवा अर्थ प्राप्त झाला. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी आपल्या भाषणात अविकसित प्रदेशांना तांत्रिक साहाय्य देण्याचा कार्यक्रम मांडला. देशांची व प्रदेशांची विकसित आणि अविकसित अशी विभागणी तेव्हापासून अधिक रूढ झाली. विकास ही आतून घडणारी क्रिया न राहता, पुढे असलेल्याने मागे असलेल्यासाठी करावयाचे कार्य ठरू लागली.

स्वतंत्र भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. १९६१ च्या महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून पंचायत राज्य व्यवस्था अमलात आली. ‘गटविकास अधिकारी’ हे पदनाम खेड्यापाड्यांत परिचित झाले. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात तर ‘विकास’ या शब्दाची व्याख्याच जमिनीवर, जमिनीखाली वा जमिनीच्या वर केलेले बांधकाम, खाणकाम किंवा तत्सम काम अशी आहे. शहरातील ‘विकास आराखडा’, ‘विकसन करार’, ‘विकासक’ हे शब्द याच अर्थाने वापरले जातात. फुलाच्या उमलण्यापासून भूखंडावरील बांधकामापर्यंत असा हा अर्थविस्तार, किंबहुना अर्थसंकोच, आहे.

या बदलाची खूण व्याकरणातही दिसते. ‘फुलाचा विकास’ या शब्दप्रयोगात फूल हे कर्ता आहे. ‘मराठवाड्याचा विकास’ या शब्दप्रयोगात मराठवाडा हा कर्ता आहे की कर्म, हे षष्ठीच्या प्रत्ययावरून कळत नाही. मराठवाडा विकसित होणार की त्याचा विकास दुसरा कोणी करणार? पुढील सर्व इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

नागपूर करार ते राज्यघटना

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. तोपर्यंत मराठवाड्याच्या राजकारणातील मुख्य शब्द ‘मुक्ती’ हा होता. त्यानंतर भाषावार प्रांतरचनेची चर्चा सुरू झाली आणि २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. राज्यातील विविध विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी मिळावा, मात्र मराठवाड्याची अविकसित स्थिती विचारात घेऊन त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष द्यावे आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे या करारात नमूद होते. मराठवाड्याच्या राजकीय भवितव्याशी ‘विकास’ हा शब्द करारपूर्वक जोडला गेला तो येथे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापन करण्याची आणि निधी, तंत्रशिक्षण व रोजगार यांच्या समन्यायी व्यवस्थेची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपविण्याची तरतूद झाली. तथापि ही मंडळे प्रत्यक्षात येण्यास १९९४ साल उजाडले. तरतूद व अंमलबजावणी यांत अडतीस वर्षांचे अंतर पडले.

शब्दाचे मागणीत रूपांतर

या अडतीस वर्षांत मराठवाड्यात काहीच घडले नाही असे म्हणता येणार नाही. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९७२ मध्ये परभणी येथे कृषी विद्यापीठ आले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या जायकवाडी प्रकल्पाचे लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. सुमारे १०२ टीएमसी साठवण क्षमतेच्या या जलाशयाने गोदावरीकाठच्या शेतीला आधार दिला. परंतु त्याच नाथसागराखाली अनेक गावे गेली. ज्यांच्या शेतात कालव्याचे पाणी आले आणि ज्यांची शेतेच पाण्याखाली गेली, त्या दोघांसाठी विकास या शब्दाचा अर्थ सारखा असणे शक्य नव्हते.

१९७२ च्या दुष्काळाने या प्रदेशाची दुर्बलता उघडी पाडली. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले. स्थानिकांना रोजगार, उद्योगधंदे, सिंचन व रेल्वेचे रुंदीकरण या त्यामागील प्रमुख मागण्या होत्या. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिलढ्यातील नेते आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांनी विकासाचा प्रश्न सातत्याने मांडला. शासनाने लोकांसाठी वापरलेला शब्द लोकांनी शासनासमोर मांडला, हे या काळाचे वैशिष्ट्य होय. विकास ही देणगी नसून हक्क आहे, हा अर्थ या आंदोलनाने रूढ केला.

मात्र ‘मराठवाडा’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि घरे जाळण्यात आली. वस्तुतः बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्येच औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले होते. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी या प्रदेशात उच्च शिक्षणाचे दार ज्यांनी उघडले, त्यांच्या नावासाठी १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत वाट पाहावी लागली. राज्याच्या तुलनेत आपल्यावर अन्याय झाला असे म्हणणाऱ्या प्रदेशाच्या आतही अन्यायाची उतरंड होती. प्रादेशिक विकासाच्या भाषेत तिला स्थान नव्हते.

अनुशेष : विकासाचे मोजमाप

१९८३ मध्ये शासनाने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ मध्ये अहवाल सादर केला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व पशुवैद्यकीय सेवा या नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे समितीने काढले आणि ती तूट भरून काढण्यास लागणारा खर्च रुपयांत मांडला. यालाच ‘अनुशेष’ म्हणतात. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये होता. त्यांपैकी मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, म्हणजे सुमारे २३.५६ टक्के होता.

या पद्धतीमुळे तक्रारीला आकड्यांचा आधार मिळाला, हे तिचे मोठे योगदान होय. ‘आम्ही मागे आहोत’ या विधानाला ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर प्रथमच देता आले. परंतु त्याचबरोबर विकासाचा अर्थ सरासरी गाठणे एवढाच उरला. सरासरी ही स्थिर रेषा नसते. पुढचे पुढे गेले की तीही पुढे सरकते. १९९५ मध्ये नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ च्या स्थितीनुसार काढलेला राज्याचा अनुशेष सुमारे १४ हजार कोटी आणि मराठवाड्याचा सुमारे ४ हजार कोटी रुपये होता. किमती व निकष बदलल्याने या आकड्यांची १९८४ च्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही. तरीही अंतर मिटले नव्हते, हे स्पष्ट होते.

१९९४ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशानंतर मराठवाडा वैधानिक विकास मंडळ अस्तित्वात आले. त्याचे कार्य मुख्यतः अभ्यासाचे व शिफारशीचे होते. योजना राबविण्याचे अधिकार त्यास नव्हते. २०११ मध्ये मंडळांच्या नावातून ‘वैधानिक’ हा शब्द गळाला. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरण्यावर भर दिला. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला.

तालुक्याचा निकष महत्त्वाचा का, हे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजते. चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहती, सिडकोची नवी वस्ती आणि अलीकडील शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरी यांमुळे शहराचा विस्तार झाला. शहरामुळे जिल्ह्याची सरासरी उंचावते आणि सोयगाव, वैजापूर यांसारख्या तालुक्यांची स्थिती तिच्या आड जाते. अमर्त्य सेन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विकास म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याचा विस्तार, अशी मांडणी केली. या दृष्टीने पाहता विकासाचे अंतिम एकक जिल्हा नाही, तालुकाही नाही. ते माणूस आहे.

निष्कर्ष

१) ‘विकास’ हा शब्द मुळात आतून घडणाऱ्या क्रियेचा वाचक असून शासकीय परिभाषेत तो बाहेरून केल्या जाणाऱ्या कार्याचा वाचक बनला.

२) नागपूर करार व अनुच्छेद ३७१ (२) यांमुळे मराठवाड्यात या शब्दास वचनाचे, तर १९७४ च्या आंदोलनामुळे हक्काचे स्वरूप आले.

३) अनुशेषाच्या संकल्पनेने हा हक्क मोजता येण्याजोगा केला, परंतु शब्दाचा आशय सरासरीपुरता मर्यादित झाला.

४) प्रदेशाची सरासरी प्रदेशांतर्गत जातीय व आर्थिक विषमता दाखवू शकत नाही. नामांतराच्या इतिहासाने ही मर्यादा स्पष्ट केली.

समारोप

मराठवाड्याने विकासाचा आग्रह धरला तो योग्यच होता आणि करारातील वचनाची पूर्तता मागणे हा त्याचा अधिकार आहे. मात्र निधीचे आकडे मागत असतानाच त्या निधीने कोण उमलणार आहे, हेही विचारले पाहिजे. रस्ता, कालवा, कारखाना ही माती, पाणी व ऊन यांसारखी साधने होत. ती मिळविण्यासाठी झगडावेच लागते. परंतु ‘विकसणे’ या क्रियापदाचा कर्ता या भूमीतील शेतकरी, मजूर, विद्यार्थी व स्त्रियाच असल्या पाहिजेत. शब्दाच्या मूळ अर्थाचे स्मरण एवढ्यासाठीच आवश्यक ठरते.