हायड्रोजन व नीलविवर्णता

हायड्रोजन व नीलविवर्णता : ओठ, नखे, कानाच्या पाळ्या व श्लेष्मकला (शरीरातील पोकळ्यांचे बुळबुळीत अस्तर) निळसर दिसण्यास नीलविवर्णता म्हणतात. केशवाहिन्यांतील रक्तात ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन वाढल्याने ती उद्‌भवते. हायड्रोजन हुंगणाऱ्याच्या त्वचेवरील निळेपणा हा त्या वायूच्या विषारीपणाचा परिणाम की केवळ ऑक्सिजनाच्या अभावाचा, हा येथील मूळ प्रश्न होय.

लव्हॉयझे व सेगँ यांनी १७८९ मध्येच हवेतील नायट्रोजनाच्या जागी हायड्रोजन योजला, तरी प्राण्यांचे श्वसन सुरळीत चालते, असे दाखविले होते. ब्रिस्टल येथे हंफ्री डेव्ही यांनी मात्र निव्वळ हायड्रोजन स्वतः हुंगला. आरंभी काहीच जाणवले नाही. अर्ध्या मिनिटात छाती दडपली, जीव गुदमरला व अखेरीस गाल जांभळे झाल्याचे शेजारच्या व्यक्तीने सांगितले, अशी नोंद त्यांच्या १८०० सालच्या ग्रंथात आहे. आरंभीचे हे स्वास्थ्यच अशा वायूंच्या बाबतीत घातक ठरते.

निळेपणाचे मापन लुंड्सगॉर या डॅनिश वैद्यांनी १९१९ मध्ये केले. केशवाहिन्यांतील १०० मिलि. रक्तात ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन सुमारे ५ ग्रॅ. झाले की, निळेपणा दिसतो. म्हणूनच तीव्र रक्तक्षयाचा रोगी गुदमरत असूनही निळा दिसेलच असे नाही. अशा हीमोग्लोबिनास ‘क्षपित’ म्हणण्याचा प्रघात दिशाभूल करणारा आहे. क्षपण याचा हायड्रोजनाशी संयोग असाही अर्थ होतो. येथे तो अभिप्रेत नाही.

खोल पाण्यातील बुडीने या प्रश्नाची कसोटी लागली. मालवणजवळ तारकर्ली येथील हौशी पाणबुड्यांना दाबित हवा पुरते. फार खोलीवर मात्र तीतील नायट्रोजनाने गुंगी येते. म्हणून स्वीडिश अभियंता आर्ने सेटरस्ट्रम यांनी ९६ टक्के हायड्रोजन व ४ टक्के ऑक्सिजन यांचे मिश्रण वापरले. ऑक्सिजन याहून फारसा वाढविल्यास स्फोटाचा धोका असतो. १६० मी. खोलीवर दाब सुमारे १७ पट असल्याने एवढा ऑक्सिजन पृष्ठभागावरील ६८ टक्क्यांच्या तोडीचा ठरतो. वर येताना मात्र मिश्रण बदलणे अपरिहार्य असते. ऑगस्ट १९४५ मध्ये १६० मी. वरून परतताना, दोर ओढणाऱ्यांच्या चुकीने ते मिश्रण बदलण्यापूर्वीच पृष्ठभागाजवळ ओढले गेले आणि मृत्यू पावले. दोष हायड्रोजनाचा नव्हता. ४ टक्के ऑक्सिजन तेथे अपुरा पडला.

पुढे १९९२ मध्ये कोमेक्स या फ्रेंच कंपनीच्या दाबकक्षात एका पाणबुड्याने हायड्रोजन, हीलियम व ऑक्सिजन यांच्या मिश्रणावर ७०१ मी. खोलीइतका दाब सोसला. अतिदाबाखाली हायड्रोजनानेही गुंगी येते, असे या प्रयोगमालेत आढळले.