हाली सिक्का ते स्टोअर क्रेडिट: पैशाची मुदत कोण ठरवतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर.

समजा, ऑनलाइन मागवलेला शर्ट मापात बसला नाही. तुम्ही तो परत केला आणि ॲपने 640 रुपये 'स्टोअर क्रेडिट' म्हणून खात्यात टाकले. काही दिवसांनी मेसेज येतो: तुमचं क्रेडिट आज रात्री 12 वाजता संपतंय. आता पैसे तर तुमचेच होते, मग ते संपतात कसे?

पैशाला मुदत असणं ही ॲपवाल्यांनी काढलेली टूम नाही. आपल्या बीडच्या आजी-आजोबांच्या पिढीने अख्खं चलन बाद होताना पाहिलंय. 1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि इथे चालायचा 'हाली सिक्का'. हाली म्हणजे सध्याचा, चालू. आपण 'हल्ली' म्हणतो ना, तो शब्द याच घरातला. म्हणजे बघा, नाण्याच्या नावातच लिहिलंय की हे सध्या चालतं. उद्याची गॅरंटी नावात नाही!

शेजारी इंग्रजांच्या मुलखात दुसरा रुपया होता, त्याला आपल्याकडे 'कलदार' म्हणायचे. आष्टीकडची माणसं नगरच्या बाजाराला गेली की हालीचा कलदार करावा लागायचा. बदलून देणारा सराफ त्यात आपली कपात घ्यायचा, तिला म्हणतात बट्टा. नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो, तो हाच बट्टा.

बट्ट्याचा सगळ्यात भारी नमुना मात्र लांबचा आहे, अठराव्या शतकातल्या बंगालचा. तिथे रुपयावर बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष ते छापलेलं असायचं. चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीला जायचा. वर्ष उलटलं की बट्टा सुरू, तिसऱ्या वर्षापासून आणखी जास्त. चांदी तीच, वजन जवळपास तेच, फक्त तारीख जुनी! शेवटी ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या नाण्यांवर शाह आलम बादशहाचं 19 वं वर्षच छापायला सुरुवात केली. तारीख गोठवली, म्हणजे जुनं-नवं हा वादच राहिला नाही. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे लगेच कळतं: एक्सपायरीचा कॉलम ठेवला, पण त्यात सगळीकडे एकच व्हॅल्यू भरून टाकली.

आता परत बीडला येऊ. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि संस्थान भारतात आलं. पण हाली सिक्का रातोरात बाद झाला नाही. भारतीय रुपया आला, दर ठरला 7 हाली म्हणजे 6 भारतीय रुपये, आणि काही वर्षं दोन्ही चलनं शेजारी शेजारी चालली. 100 भारतीय रुपयांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, असा तो हिशोब. 1953 साली संसदेने हैदराबादच्या नाण्या-नोटांसाठी वेगळा कायदाच केला. बाजारात हिशोबाची डोकेदुखी झालीच असणार. तरी तीन गोष्टी होत्या: दर जाहीर होता, बदलायला वेळ होता आणि निर्णय कायद्याने झाला होता.

वेळ कमी दिला की काय होतं ते आपण 2016 ला पाहिलं. 8 नोव्हेंबरला 500 आणि 1000 च्या नोटा बाद, बँकेत भरायला 30 डिसेंबरपर्यंत, म्हणजे जेमतेम 52 दिवस. त्यातही 14 नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या घ्यायला मनाई झाली. ज्यांचं खातं फक्त तिथेच, त्यांची मुदत पाच-सहा दिवसांतच संपली.

आता स्टोअर क्रेडिटला हे माप लावा. मुदत कोण ठरवतं? दुकान स्वतः. 30 दिवस की 365, हा सेटिंगमधला एक आकडा असतो. रोज रात्री एक प्रोग्राम चालतो आणि तारीख उलटलेली रक्कम शून्य करतो. जुन्या सावकारीत मुदती हुंडी असायची. तिची मुदत भरली की पैसे हातात यायचे. इथे मुदत भरली की पैसे जातात!

नियम नाहीत असं नाही. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये प्रीपेड वॉलेटसाठी ठरवलं की शेवटचे पैसे भरल्यापासून किमान एक वर्ष वैधता हवी आणि संपण्याआधीच्या 45 दिवसांत ग्राहकाला सावध करायला हवं. मुदत संपल्यावरही शिल्लक मागितली तर ती बँक खात्यात द्यायची. पण जे क्रेडिट फक्त त्याच दुकानात चालतं, ते या चौकटीच्या बाहेर आहे. खरी फट आहे ती इथे.

म्हणून एक फरक डोक्यात पक्का ठेवा. दुकानाने खुशीने दिलेले कॅशबॅक पॉइंट ही भेट आहे, तिला त्यांनी मुदत घातली तर समजू शकतो. परत केलेल्या मालाचे पैसे मात्र तुमच्या घामाचे आहेत. वस्तू परत करताना 'मूळ खात्यात रिफंड' हा पर्याय शोधा, तो बऱ्याचदा खाली दडलेला असतो. क्रेडिटच घ्यावं लागलं तर मुदतीच्या अटीचा त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा. माल सदोष असेल तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत न करणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तक्रार आधी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. नाही झालं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बेंगळुरूची असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

640 रुपयांसाठी एवढं कोण करतं, असं वाटेल. दुकानाचा हिशोब नेमका त्यावरच चालतो. आज आपल्या ॲपमध्ये जाऊन वॉलेट उघडा आणि तारीख बघा. किती निघाले ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!