वळसा

मी बी.कॉम. आणि बँकेत कारकून. इतिहासाशी माझा संबंध बंद पडलेल्या खात्यांपुरता. पण गेल्या वर्षी स्टाफ लोन काढून मोटार घेतली आणि इतिहासाची गोडी लागली. त्याचं असं झालं, की मोटार उभी करायला कडुनिंबाखाली जागा मिळाली. ती जाऊ नये म्हणून मी मोटार हलवतच नाही. बँकेत चालत जातो, आणि चालताना माणूस विचार करतो.

आमचे अण्णा तीस वर्षं सदाशिव पेठेतून खडकीला सायकलनं कामाला जात. पुणं तेव्हा सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. पुढे सायकली आपोआपच गेल्या, काळच बदलला, असं आपण म्हणतो. मीही म्हणत असे. मग हॉलंडमधल्या ग्रोनिंगन शहराची हकीकत वाचनात आली.

हॉलंडात पोरं सायकलवरच जन्माला येतात अशी आपली समजूत. तसं काही नाही. महायुद्धानंतर पैसा आला, मोटारी आल्या आणि तिथल्याही शहरांतल्या चौकांचे वाहनतळ झाले. ग्रोनिंगनमध्ये 1970 साली मॅक्स व्हॅन डेन बर्ग नावाचा चोवीस वर्षांचा तरुण नगरपालिकेच्या कारभारी मंडळात गेला. आपल्याकडे या वयाच्या मुलाला घरात पंखा कुठला घ्यावा हेही कुणी विचारत नाही! त्याच्या पुढाकारानं गावाच्या मध्यभागाचे चार भाग पाडले गेले आणि 19 सप्टेंबर 1977 पासून नियम आला: मोटारीनं एका भागातून दुसऱ्या भागात थेट जायचं नाही. बाहेरच्या रस्त्यावर यायचं, वळसा घालायचा आणि मग पुन्हा आत शिरायचं. सायकलवाला आणि पायी चालणारा मात्र सरळ जाणार.

म्हणजे समजा, सदाशिव पेठेतून शेजारच्या नारायण पेठेत मोटारीनं जायचंय, तर आधी गावाबाहेर पडा. सायकल असेल तर चहा निवायच्या आत पोचाल.

दुकानदार खवळले. गिऱ्हाईक बुडणार म्हणून ओरड झाली. (दुकानदार सगळीकडे सारखेच.) पण नियम टिकला. आज त्या शहरातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या सायकलनं होतात.

मला आवडला तो त्यातला हिशेब. मोटार घ्यायला बंदी नाही, कुणाला उपदेश नाही. माणसाचा आळस त्यांनी मोडला नाही. मोटारीच्या खात्यावरून काढून सायकलीच्या खात्यावर जमा केला, इतकंच.

आपणही स्वस्थ बसलो नव्हतो. पुण्यात 2006 साली बसगाड्यांसाठी वेगळी मार्गिका सुरू झाली, 2017 साली महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला. पण 2018 साली बातमी आली, की शहरात माणसांपेक्षा वाहनं जास्त झाली. सायकलला आपण रस्त्याची कड दिली. मोटारीला वळसा काही दिला नाही. आणि जो काही वळसा होता, तो पायी चालणाऱ्याच्या वाट्याला आला.

मागच्या रविवारी अण्णा वाचनालयात जायला निघाले. वाचनालय रस्त्यापलीकडे, समोर दिसतं. वीस मिनिटांनी तसेच परत आले. पुस्तक बदललेलं नव्हतं.

"बंद होतं का?" मी विचारलं.

"उघडं होतं की. इकडून दिसत होतं."

वर्षानुवर्षं खडकी गाठणाऱ्या माणसाला समोरची पायरी गाठता आली नव्हती. मला कसंसंच झालं. किल्ली घेत म्हणालो, "चला अण्णा, मोटारीनं सोडतो."

अण्णांनी खिडकीतून कडुनिंबाकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले, "तुझी जागा जाईल."