'मेलेल्या' रीफची गोष्ट

मालवणला पहिल्यांदा स्नॉर्केलिंग करताना दमलो, म्हणून पाण्याखालच्या एका खडकावर पाय टेकवला. होडीतला दादा ओरडला, "पाय उचला! जित्ता आसा ता!" मला तो दगडच वाटला होता.

१९६७ साली ऑस्ट्रेलियात हीच चूक कायदेशीर होणार होती. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेल्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये एलिसन रीफ नावाचा एक छोटा तुकडा आहे. तिथला चुना शेतीला खत म्हणून खणून काढायची परवानगी एका ऊस शेतकऱ्याने मागितली. त्याचं म्हणणं सरळ होतं : हे रीफ मेलेलं आहे. मग राखायचं काय?

हरकत घेतली जॉन ब्यूस्ट या चित्रकाराने. पण सुनावणीत हळहळ चालत नाही, पुरावा लागतो. तेव्हा काही हौशी पाणबुडे आणि विद्यार्थी स्वतः पाण्यात उतरले आणि मोजत बसले. ८८ जातींची जिवंत प्रवाळं, ६० जातींचे शंख-शिंपले, १९० जातींचे मासे. 'मेलेल्या' रीफवर! अर्ज फेटाळला गेला.

पुढचं संकट मोठं होतं : तेल. रीफच्या परिसरात तेल शोधण्याचे परवाने वाटले जात होते. कवयित्री ज्युडिथ राइट आणि वनशास्त्रज्ञ लेन वेब ब्यूस्टच्या सोबत होते. १९७१मध्ये ब्यूस्ट गेला. १९७५मध्ये रीफच्या संरक्षणाचा कायदा झाला, १९८१मध्ये रीफ जागतिक वारसा ठरलं. जिंकलेलं त्याला बघता आलं नाही.

आता धोका कुणाच्या अर्जातून येत नाही, त्यामुळे हरकत कुठे घ्यायची हेच कळत नाही. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते अन्न देतं, रंगही देतं. पाणी फार तापलं की प्रवाळ त्याला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ : तारखांमधलं अंतर बघा. सावरायला वेळच उरत नाही.

२०१६मध्ये एका अमेरिकी मासिकाने या रीफचा मृत्युलेखच छापला. तो फोनाफोनांवर फिरला, मीही फॉरवर्ड केला. शास्त्रज्ञ मात्र वैतागले. पांढरं पडलेलं प्रवाळ उपाशी असतं, लगेच मेलेलं नसतं. पाणी वेळेत निवलं तर ते सावरतं.

एलिसन रीफ खणायचं होतं त्यांनी त्याला मेलेलं म्हटलं, आणि आम्ही हळहळत तेच म्हटलं. दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो : आता करण्यासारखं काही नाही. मधल्या काळात फक्त काही पोरं पाण्यात उतरून मोजत होती.

माझा पाय तेव्हा उचलला गेला, कारण कुणीतरी वेळेवर ओरडलं.