पर्यायी स्वस्त औषधे (तंजावर)

चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी तेच औषधद्रव्य, त्याच मात्रेत आणि त्याच स्वरूपात, कमी किमतीला घेणे म्हणजे पर्यायी औषध घेणे. अमेरिकेत त्यासाठी विमा योजनेची औषधसूची पाहतात. तमिळनाडूतील मुख्यमंत्री आरोग्य विमा मात्र प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही, म्हणून औषध कुठून घ्यावे हाच प्रश्न मोठा ठरतो.

तंजावरात औषधांना राजाश्रय जुना आहे. दुसरे सरफोजी भोसले (कारकीर्द 1798–1832) यांच्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. तेथील औषधयोगांचे ग्रंथ सरस्वती महाल ग्रंथालयाने पुढे छापले.

आजच्या व्यवस्थेचा कणा 1994 मध्ये स्थापन झालेले तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ आहे. ते जेनेरिक नावाने, म्हणजे ब्रँडच्या नव्हे तर औषधद्रव्याच्या नावाने, निविदा काढून घाऊक खरेदी करते, नमुने प्रयोगशाळेत तपासून घेते आणि जिल्ह्याच्या गोदामांतून सरकारी रुग्णालयांना माल पुरवते. तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही औषधे मोफत मिळतात. सर्वांत स्वस्त पर्याय हाच. खिशातून पैसे काढण्यापूर्वी तेथे चौकशी करणे शहाणपणाचे.

रुग्णालयाबाहेर स्वस्त जेनेरिक औषधांसाठी 2008 पासूनची केंद्राची जनऔषधी दुकाने आणि राज्याची ‘मुदल्वर मरुंदगम’ (मुख्यमंत्री औषधालय) दुकाने आहेत. 24 फेब्रुवारी 2025 रोजी राज्यभर ‘मुदल्वर मरुंदगम’ची 1000 दुकाने सुरू झाली.

मोठी अडचण कायद्याची आहे. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल, तर अनुसूची ‘एच’मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाच्या जागी दुकानदाराला परस्पर दुसरे देता येत नाही. पर्यायाची किल्ली त्यामुळे डॉक्टरांच्या हाती राहते. जेनेरिक नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असा वैद्यक परिषदेचा नियम 2016 पासून आहे. तो काटेकोर पाळला गेला तर गरीब घरांचा मोठा खर्च वाचेल. तोवर रुग्णाने तपासणीच्या खोलीतच जेनेरिक नाव लिहून मागावे.

पाकिटावर आधी जेनेरिक नाव, मग मात्रा वाचावी. साधी मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम आणि हळूहळू विरघळणारी ‘एसआर’ गोळी यांची परस्पर अदलाबदल चालत नाही. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, फेफऱ्याची फेनिटोइन आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन यांची कंपनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय बदलू नये.